पायाळूची बहीण

आईच्या पोटातून मी आधी आले, आणि डोक्याकडून आले, म्हणजे शहाण्या माणसासारखी. माझ्यामागून अर्ध्या घटकेनं यमू आली ती पाय पुढे करून. सुईण म्हणाली, "पायाळू हाय गं बाय," आणि त्या क्षणापासून मला कुणी विचारलं नाही. मी सुपात पडून रडत होते आणि जमलेल्या सगळ्या बायका यमूचे तळवे बघायला वाकल्या होत्या, असं आई सांगायची. थोरली मी, गंगा नाव माझं, आवाजही माझाच मोठा. पण घरात पहिल्या दिवसापासून धाकटीचं राज्य. आता पन्नाशी उलटली, तरी त्या सुपाचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. आठवण आईची आहे, मत्सर मात्र अस्सल माझा.

पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या पायात गुण असतो, असं आमच्याकडे सगळे मानायचे. कमरेत उसण भरली, मान धरली, पाठीत चमक निघाली, की पायाळूकडे जायचं आणि घोंगडीवर पालथं पडायचं. पायाळूनं उजवा पाय मानेपासून कमरेपर्यंत तीनदा फिरवायचा. त्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही, दुखणेकऱ्यानं वळून बघायचं नाही. आमचं गाव रेवदंड्यापासून पायी तासाभरावर. पुढे माडा-सुपारीच्या वाड्या, मागे भाताची खाचरं. तिथे रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी लचकायचंच. लावणीला वाकून वाकून बायकांच्या कमरा जायच्या, होड्या ओढून कोळ्यांचे खांदे भरायचे, आणि वाडीतल्या रहाटाचा कणा मोडला तर तो उचलायला गेलेली चार माणसं चार तऱ्हांनी वाकडी होऊन आमच्या पडवीत यायची. मंगळवारी आणि शनिवारी तर पडवीत पाय ठेवायला जागा नसायची. मागल्या वाडीतून रहाटाची कुरकूर आणि पडवीतून माणसांचं कण्हणं, या दोन आवाजांत आम्ही वाढलो. कधी कधी त्यांतला कुठला कशाचा हे ओळखू यायचं नाही.

येणारे रिकाम्या हातानं येत नसत. कोळणी सुकवलेल्या कोलंबीचे सोडे आणायच्या, कुणी वालाची पुरचुंडी, कुणी घरचे पोह्याचे लाडू. हे सगळं यमूच्या नावानं यायचं. मी मागितलं तर मिळायचं, पण मागावं लागायचं, यात सगळं आलं. त्यातून पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत. त्यामुळे आभाळात नुसतं गुरगुरलं तरी यमूला माजघरात घोंगडीखाली बसवायचे. ती तिथे भाजलेले वाल खात बसायची आणि मी इरलं डोक्यावर घेऊन वासरं शोधत चिखलातून फिरायची. एकदा मी आईला विचारलं, "माझ्यावर वीज पडली तर?" आई भाकरी थापत होती. म्हणाली, "तुज्यावर कशाला पडल? तू काय पायाळू हायस?" म्हणजे विजेलासुद्धा माझी किंमत नव्हती.

आणि आता माझं काम सांगते, म्हणजे माझी तक्रार किती खरी होती ते कळेल. पायाळूचा पाय पाठीवर पडायच्या आधी पाठ शेकून, चोळून 'तयार' करायची पद्धत होती. ती पाठ मी तयार करायची. तव्यावर मीठ गरम करायचं, निरगुडीच्या पाल्यात घालून फडक्यात पुरचुंडी बांधायची, आधी आपल्या मनगटावर टेकवून बघायची आणि मग शेकायचं. पाठ मऊ झाली की खोबरेल घेऊन अंगठ्यांनी चोळायचं. चौदा-पंधरा वर्षांची होईपर्यंत माझी बोटं पाठी वाचायला शिकली होती. कातडीखाली सुपारीएवढी गाठ लागायची, तिच्यावर दाबून धरलं की माणूस आधी ओरडायचा, मग हळूहळू गाठ विरघळायची आणि माणूस मोठा श्वास सोडायचा. अर्धा तास हे चालायचं. माझ्या कपाळावरून घाम टपकायचा. मग आई हाक मारायची, "यमू, ये गं." यमू माजघरातून यायची. उजव्या पायात चांदीचा वाळा, तो कुणा बाईनं बरं वाटल्यावर घातलेला. तीनदा पाय फिरवायची, जेमतेम अंग पुसल्यासारखा. माणूस उठून बसायचा, कंबर हलवून बघायचा आणि हात जोडायचा. कुणाला, ते सांगायला नको. मी तोवर तेलाची वाटी उचलत असायची.

आज मी पाठी, गुडघे आणि खांदे दुरुस्त करूनच पोट भरते. रीतसर शिक्षण घेऊन, पांढरा कोट घालून. माझ्याकडे येणारा माणूसही बरा झाला की मुंबईच्या कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरच्या गोळीचं नाव घेतो. तेव्हा मला आमची पडवी आठवते आणि मी कोटाला हात पुसते.

तर त्या वर्षीची गोष्ट. आम्ही सोळाच्या असू. होळी होऊन गेली होती, दुपारी रहाटसुद्धा थांबावा असं ऊन. आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, खळ्यावर गेले होते. यमूचा कान ठणकत होता म्हणून ती लसणाच्या तेलाचा बोळा घालून माजघरात गाढ झोपली होती. अशा वेळी शिवरामकाकांना दोघांच्या खांद्यावर घालून आणलं. शिवरामकाका म्हणजे चार गावांतले एकटे माडावर चढून नारळ पाडणारे. बारीक, काटक, बोलण्यात तिखट. उतरताना दोन पुरुष उंचीवरून पाय निसटला, आणि खाली येताना बुंध्याला मिठी मारायला म्हणून अंग पिळवटलं, त्यात उजवीकडे कमरेच्या वर काहीतरी तटकन गेलं. बायको गोदाकाकू पाठीमागून बोलत येत होती, "मी सकालीच सांगत होती, आज चढू नको. माजा ऐकतंय कोन." काका म्हणाले, "तू रोजच सांगतस. रोज ऐकला तर खायाचा काय, नारलाची सावली?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यमूला बोलव गं पोरी. मरतंय मी."

मी आत गेले. यमू तोंड उघडं टाकून झोपली होती. कोनाड्यात वाळा ठेवलेला. मी तिला उठवायला हात पुढे केला होता, हे मी देवासमोर सांगेन. पण हात तिच्या खांद्यावर न जाता कोनाड्यात गेला. चेहरा आमचा एकच, दादासुद्धा हाक चुकायचे. मी तिचं हिरवं लुगडं गुंडाळलं, वाळा पायात रेटला आणि पदर सावरत तिच्याच संथ चालीनं बाहेर आले. शंकराच्या देवळापुढे नाटकं व्हायची, त्यांत राणीचं काम करणारा शिंपी जसा पडद्यातून यायचा, तशी. काका घोंगडीवर पालथे पडले होते. सगळे बाजूला सरले. ती बाजूला सरणारी माणसं बघून मला जे वाटलं, तसं पुढे माझ्या लग्नातही वाटलं नाही.

शेकायचं, चोळायचं काम गंगाचं, आणि मी तर यमू होते. त्यामुळे ते करायचं राहिलंच. केलं नाही तेच बरं झालं म्हणा, कारण ताज्या दुखापतीला शेक देणं चूक, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मी त्याहून वाईट केलं. यमूचा पाय मला नेहमी दुबळा वाटायचा. एवढा मान, आणि जोर मांजराच्या शेपटीचा. मी ठरवलं, आज दाखवायचं. पहिल्यांदा पाय फिरवला. दुसऱ्यांदा जरा दाबून फिरवला. तिसऱ्यांदा टाच नेमकी त्या दुखऱ्या जागेवर रोवली आणि अंगाचा सगळा भार दिला.

काकांनी जी किंकाळी फोडली ती वाडीतल्या बगळ्यांनी ऐकली. सगळे भर्रकन उडाले. काका धनुष्यासारखे ताठले आणि मग त्यांना कूससुद्धा बदलता येईना. शेवटी एक दार उतरवून त्यावरून त्यांना घरी नेलं. गोदाकाकू त्यांचा दोर आणि कोयता उचलून मागोमाग गेली. मी आत पळाले, लुगडं बदललं, वाळा कोनाड्यात ठेवला आणि तव्यावर मीठ परतायला बसले, जणू सकाळपासून तिथेच आहे.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, यमूचा पाय फिरला. दादा आल्या आल्या तिच्यावर ओरडले. ती कान धरून उठून बसली. "मी झोपले होती," एवढंच म्हणाली. "तर मग काय भुतानं पाय दिला?" आई म्हणाली. यमूनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या घोट्याकडे बघितलं. घोट्यावर वाळ्याचा लाल वळ उठला होता. मी पाय लुगड्याखाली ओढला. तिनं मान खाली घातली आणि कानातला बोळा पुन्हा दाबून बसवला. नंतर विहिरीवर दोघीच होतो तेव्हा मला म्हणाली, "घट्ट बसला आसल तुला." मी विचारलं, "काय?" ती म्हणाली, "काय न्हाय." आणि कळशी उचलून चालू लागली. तिनं सांगून का टाकलं नाही, हे मला आजही नीट कळलेलं नाही. तेव्हा मी एवढाच अर्थ लावला की हिला गप्प बसूनसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं दिसता येतं, आणि मला तिचा आणखी राग आला.

खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस मी सुखात होते. मंगळवारी पडवी रिकामी. यमू माझ्याबरोबर पाणी भरायला, शेण गोळा करायला. तिच्या ताटात सोडे नाहीत, माझ्याही नाहीत, पण आता दोघींच्या नाहीत. मी मनातल्या मनात गात होते. चौथ्या दिवशी आईनं मला काकांकडे पेज घेऊन पाठवलं, आणि गाणं थांबलं. काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाठीला सूज. गोदाकाकूनं पहिल्या रात्रीपासून तापलेल्या वाळूनं शेकून शेकून ती सूज टरारून फुगवली होती. चार गावांतले नारळ आपसूक पडायला लागले होते, आणि काका मधूनच विचारत होते, "पलीकडच्या वाडीत नारल पडला का? पिकून गेला आसल तो." बाहेर ओट्यावर दोर आणि कोयता तसाच पडलेला. मी तो दोर उचलून खुंटीला अडकवला. हा माणूस पुन्हा चढला नाही तर ते माझ्या टाचेनं केलेलं असणार होतं.

त्याच दिवशी रेवदंड्याच्या दवाखान्यातले डॉक्टर येऊन बघून गेले. मी दाराशी उभी राहून शब्दन् शब्द गिळला. हाड शाबूत आहे, म्हणाले, पाठीचा स्नायू फाटलाय थोडा. त्यावर कुणी जोर दिला? गोदाकाकू पेज झाकायला वळली. शेकणं बंद करा, म्हणाले, सूज ओसरेपर्यंत गार पाण्याच्या घड्या ठेवा. मग हलका शेक, हलकं चोळणं, आणि आठवड्यानंतर रोज थोडं थोडं हलवायचं. नुसता पडून राहिला तर पाठीचं लाकूड होईल. "करणार कोण हे?" त्यांनी विचारलं. गोदाकाकूला सकाळी खाडीत शिंपल्या काढायला जावं लागे, नाहीतर चूल पेटली नसती. मी म्हणाले, "मी करते."

गावात माझं नाव झालं. "बहिनीचा पाप धुतंय बघा पोर," बायका म्हणायच्या. मला कौतुक हवं होतं ना, ते असं मिळालं, आणि घशाखाली उतरेना. मी रोज जायची. आधी गार घड्या, मग कोमट पुरचुंडी, मग दोन बोटांनी, अंड्याला हात लावावा तसं चोळणं. पाय पोटाशी घ्यायला लावायची, एक एक करून. मग कंबर उचलायला लावायची. काका शिव्या देत करायचे. "माजी आई मेली त्याला वीस वरसा झाली, आज पुन्ना आली." पंधराव्या दिवशी काका भिंत धरून ओट्यापर्यंत चालले. तिथून पुढे मी त्यांना ओटीवरच्या खांबाला मिठी मारायला लावलं, पाय जमिनीवरून वीतभर उचलायचे, मोजून दहा आकडे. गोदाकाकू आली आणि बघून म्हणाली, "मला कधी अशी मिठी न्हाय मारली."

ती आत गेली तेव्हा काका खांबाला तसेच चिकटून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "गंगे, तुज्या टाचेला भेगा किती."

मी टाच लुगड्याखाली ओढली.

"यमूचा पाय मी धा वरसा घेतलाय पाठीवर. लोन्यावानी हाय. त्या दिसा नारलाची खवनी फिरली."

"मग बोलला का न्हाय, काका?"

"बोललो आसतो तर तू रोज आली आसतीस? तुजा बाप तुला घराभाईर सोडला नसता." मग खांब सोडून ते सावकाश खाली बसले. "माजा जमतंय आता. पन ती पोर महिनाभर खाली मान घालून फिरतंय. मी चढायच्या आधी तू सांग. न्हायतर वरून मी वरडून सांगीन, आनि वरून लांबवर ऐकू जातंय."

चढायचा दिवस ठरला. आमच्याच वाडीतला बुटका माड. अर्धा गाव जमला, कारण आमच्याकडे तेव्हा बघायला दुसरं काही नसे. मी आधीच सांगून टाकते, काका त्या दिवशी चढले आणि पुढे वीस वर्षं चढत राहिले. मला सांगायचं आहे ते चढण्याआधीचं. मी पुढे झाले. नाटकाची हौस मला, पण त्या दिवशी तीनच वाक्यं आली. म्हणाले, "त्या दिवशी पाय माझा होता. यमू झोपली होती. वाळा मी घातला." दादांचा हात उठला आणि मग काय वाटलं कोण जाणे, पागोट्याकडे गेला. कान माझा पुढे पिळला गेलाच, पण तो घरी.

आणि मग ते झालं, ज्याची मी कल्पनाही केली नव्हती. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "तरीच." दुसरा म्हणाला, "तरीच म्हंतो मी, यमूचा पाय असा कसा फिरल." गोदाकाकू दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाली, "डोक्याकडून आलेलीचा पाय लागला, म्हनून फाटला ओ माजा मानूस." क्षणात सगळं त्यांना लख्ख समजलं. मी उघड केलं होतं ते लबाडीचं पाप, आणि सिद्ध झाला होता यमूचा गुण. रोजच्या घड्या, ते चोळणं, खांबाला मारलेल्या मिठ्या, यातलं काही कुणाच्या ध्यानातसुद्धा नव्हतं. "आता यमूचा पाय लागू द्या, मगच चढवा," सगळे म्हणाले. घोंगडी आली. काका पालथे पडले. पडता पडता माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला, त्यानं माझी आग काही विझली नाही.

यमूला पुढे आणलं. महिनाभरात तिच्या पायांनाही चिखल लागला होता, वाळा नव्हता. कायद्यानं तिनं बोलायचं नव्हतं. तिनं पाय उचलला आणि तसाच हवेत धरला. मी चार हातांच्या अंतरावर उभी होते, तेलाची वाटी घेऊन, नेहमीसारखी. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि जेमतेम ओठ हलवून विचारलं, "कुठं?"

सोळा वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. आणि मला हे माहीत होतं की त्या अख्ख्या गर्दीत ती जागा फक्त मला ठाऊक आहे. कुठे स्नायू भरून आलाय, कुठे अजून हळवा आहे आणि कुठे बोटसुद्धा लावायचं नाही. तिचा पाय हवेत थरथरत होता. लोकांना वाटलं, अंगात काहीतरी येतंय. मी वाटी खाली ठेवली आणि दुखऱ्या जागेपासून वीतभर वर, चांगल्या जागेकडे बोट दाखवलं.

जरा उशिरानं दाखवलं, हे कबूल करते. तिला थोडा वेळ एका पायावर उभं राहू दिलं.